‘किती अडवलेस?’

“ताई, तो स्वच्छ ग्लोव्हज धुतो.”

पहिल्या भेटीत आईनं हे सांगितलं आणि आता आजाराचं नाव मी सांगायचं, अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. मी स्टुटगार्टजवळ राहते आणि इथल्या मराठी कुटुंबांबरोबर समुपदेशनाचं काम करते. (ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, लिहायला घरच्यांची परवानगी आहे.) मुलगा सोळा वर्षांचा. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, आपणही तेच म्हणू. दादा गावातल्या क्लबच्या सतरा वर्षांखालच्या संघात गोलकीपर आहे, म्हणजे दुसरा गोलकीपर. वर्षभरात एकही पूर्ण सामना वाट्याला आलेला नाही. शनिवारी जातो, बाकावर बसतो, घरी येतो आणि बेसिनपाशी उभा राहून कोमट पाण्यात ग्लोव्हज धुतो. त्यावर ना चिखल, ना गवताचा डाग.

“खेळत असता तर खेळू दे म्हटलं असतं,” आई म्हणाली. “हा नुसता बसून येतो. दोन वर्षांत आबिटूअरची, म्हणजे इथल्या बारावीसारखी, परीक्षा. बंद करायला लावू का?”

हा प्रश्न मला वरचेवर येतो. कधी फुटबॉलच्या जागी व्हायोलिन असतं, कधी बुद्धिबळ.

बाबांचं उत्तर तयार होतं: ओलिव्हर कान. 2002च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मिळवणारा एकमेव गोलकीपर. 2006चा विश्वचषक जर्मनीतच होता आणि जर्मनीचे प्रशिक्षक क्लिन्समननी पहिला गोलकीपर म्हणून येन्स लेमानला निवडलं. कान 37 वर्षांचा होत आलेला, आणि बाकावर. 30 जूनला बर्लिनमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टी शूटआउटची वेळ आली तेव्हा तोच कान उठून लेमानपाशी गेला, हात हातात घेतला. लेमाननं दोन पेनल्टी अडवल्या. “असं मन मोठं पाहिजे,” बाबा म्हणाले.

मला बाबांचा हा कान थोडा फोटोतला वाटला. निवड एप्रिलमध्ये जाहीर झाली होती आणि विश्वचषकाला जायचं की नाही हे ठरवायला कानलाही काही दिवस लागले होते. हस्तांदोलन जूनच्या अखेरीचं. मधले अडीच-तीन महिने त्या फोटोत नाहीत, आणि आपला दादा नेमका त्या मधल्या महिन्यांत बसलेला. सोळाव्या वर्षी त्याच्याकडून थेट जूनमधल्या कानची अपेक्षा करायची, हे जरा जास्तच.

दादा आला तो हुडीच्या खिशात हात घालून. मी ग्लोव्हजचंच विचारलं, तर त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “काकू, वॉर्म-अपला मी पण वापरतो ना. पहिल्या कीपरला शॉट कोण मारतं? मीच. आणि तळव्यावरचं लेटेक्स वाळलं की पकड जाते. घाम राहिला तरी खराब होतं. म्हणून धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. खेळायच्या आधी परत थोडे ओले करायचे.” हे सांगताना त्याचे हात खिशातून बाहेर आले होते. आईला जे लक्षण वाटत होतं, ती खरं तर त्याची तयारी होती. मी मनातल्या मनात त्या मुद्द्यावर काट मारली.

आणि मग मी चूक केली. त्याला धीर द्यायला मी गोलकीपर स्वेन उलराइखचं नाव काढलं. म्हटलं, आपल्या इथलाच, शोर्नडोर्फचा. एस-बान दोन ही लोकल शेवटपर्यंत जाते ते गाव. (गाव मोटारवाल्या गोटलीब डाइमलरचं म्हणून ओळखलं जातं, बाबांना तेवढंच माहीत होतं.) 2015पासून तो बायर्न म्युनिकमध्ये पहिला गोलकीपर मानुएल नॉयरच्या मागे उभा, तरी किती समाधानानं राहिला बघ.

“समाधानानं?” दादा म्हणाला, आणि पुढची दहा मिनिटं मी फक्त ऐकलं.

2017च्या सप्टेंबरात नॉयरच्या पायाचं हाड मोडलं आणि उलराइखला जवळजवळ पूर्ण हंगाम मिळाला. छान खेळला. मग 1 मे 2018, माद्रिद, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरीची परतीची लढत. मध्यंतरानंतर खेळ नुकता सुरू झालेला. बायर्नच्याच टोलिसोनं मागे दिलेला पास कमी पडला. उलराइख हातांनी उचलायला पुढे झेपावला, आणि त्याच क्षणी त्याला आठवलं की आपल्याच खेळाडूनं पायानं दिलेला पास हातात घेता येत नाही. “बघा, असं,” म्हणत दादा खुर्चीतून उठला. हात पुढे, मग हात मागे, मग पाय. “तिन्ही एकदम. चेंडू बाजूनं गेला.” रेआल माद्रिदच्या बेंझेमानं तो रिकाम्या जाळ्यात ढकलला. सामना 2-2, दोन्ही लढती मिळून रेआल 4-3नं पुढे.

“पुढे नॉयर परत आला. हा एक वर्ष हाम्बुर्गला गेला, दुसऱ्या श्रेणीत, आणि 2021ला परत बायर्नच्या बाकावर. डिसेंबर 2022मध्ये नॉयरनं स्कीइंग करताना पाय मोडून घेतला. आता तरी ह्याचा नंबर ना? जानेवारीत क्लबनं यान झोमर हा दुसराच गोलकीपर विकत आणला. मला नाही असलं करिअर पाहिजे, काकू.”

माझं उदाहरण माझ्याच गळ्यात आलं होतं. पण त्यातून एक धागा हाताला लागला. मी विचारलं, “बायर्नमध्ये त्याला कोणी ढकललं होतं का?” दादा थांबला. नव्हतं. स्टुटगार्टमध्ये तो पहिला गोलकीपर होता. बाक त्यानं ठरवून घेतला, नॉयर कोण आहे हे माहीत असताना. “आणि तू?” बराच वेळ गेला. “मला कुणी विचारलंच नाही. मीही ट्रेनरला विचारलं नाही.”

ट्रेनरला का नाही विचारलं, ह्यावरून खरी गोष्ट निघाली. दर रविवारी कोल्हापूरहून आजोबांचा व्हिडिओ कॉल येतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ज्यांचं तारुण्य गेलं, पाटाकडील आणि दिलबहार ह्या तिथल्या संघांचे सामने ज्यांना तोंडपाठ आहेत, ते आजोबा. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “काय रे, किती अडवलेस?” आणि गेलं वर्षभर दादा सांगत होता: चार. कधी पाच. एकदा पेनल्टीसुद्धा.

ट्रेनरनं ‘तू पुढेही बाकावरच’ असं सांगितलं असतं, तर हे आकडे बोलणं त्याला जमलं नसतं. म्हणून विचारायचंच नाही.

आईबाबांना मी हे त्याच्या संमतीनं सांगितलं तेव्हा आई घाबरली. तिनं रोबर्ट एन्केचं नाव घेतलं. जर्मनीत गोलकीपर आणि लपवणं हे दोन शब्द जवळ आले की ते नाव येतंच. हानोवरचा गोलकीपर, जर्मनीकडून आठ सामने. 10 नोव्हेंबर 2009 रोजी त्यानं आयुष्य संपवलं. दुसऱ्या दिवशी पत्नी टेरेसानं त्याच्या डॉक्टरांसोबत पत्रकारांसमोर बसून सांगितलं, की तो अनेक वर्षं नैराश्यानं आजारी होता. हे बाहेर कळलं तर खेळ जाईल आणि दत्तक घेतलेली मुलगीही काढून घेतील, ही भीती त्याला होती. आज टेरेसा त्याच्या नावाच्या संस्थेतून ह्याच आजाराबद्दल बोलते.

मी आईला म्हटलं, तो आजार होता, बाकावर बसणं हा आजार नाही, आणि आजोबांना सांगितलेल्या थापा म्हणजेही आजार नाही. दादा जेवतो, झोपतो, मित्रांत जातो, ग्लोव्हजची काळजी घेतो. झोप, भूक, आवडीच्या गोष्टी ह्यातलं काही दोन आठवडे हरवलेलं दिसलं, तर माझ्याकडे नाही, आधी डॉक्टरकडे जायचं. ‘जगू नये’ अशी भाषा आली तर त्याच क्षणी. भारतात 14416 आणि इथे मुलांसाठी 116111 हे मदतीचे फोन क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा असंही सांगितलं. ते मी सगळ्यांनाच सांगते.

बंद करायला लावू नका, एवढंच मी त्यांना ठामपणे म्हटलं. ट्रेनरशी बोलायचं ते त्यानंच. बाबांनी गाडीत बसून राहायचं. बाबांना हे फार जड गेलं.

ट्रेनर सरळ बोलला. उन्हाळ्यापर्यंत पहिला गोलकीपर बदलणार नाही. सामने हवे असतील तर शेजारच्या गावातला छोटा क्लब बघ, त्यांच्याकडे कीपरच नाही. दादा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मग म्हणाला, जातो.

हंगाम बदलल्यावर पहिल्याच सामन्यात नव्या संघानं सहा गोल खाल्ले. रविवारी कॉल आला. आई सांगत होती, ती स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी होती. दादानं एका दमात सगळं सांगून टाकलं: आधी कधी खेळतच नव्हतो, सांगत होतो ते खोटं होतं, काल खेळलो आणि सहा खाल्ले.

पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“सहा व्हय,” आजोबा म्हणाले. “मग सातवा अडवलास का न्हाई?”