पीकेयूवर जिवाणूंचं औषध: कुठे अडलं?

प्रश्न: माझ्या मुलीला पीकेयू (फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार) आहे. जनुकबदल केलेल्या जिवाणूंचं औषध येणार होतं, त्याचं काय झालं?

उत्तर: ताई, त्या औषधाकडे मीही डोळे लावून बसले होते. आल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरांनी १९१७ साली एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलाय जातीचा जिवाणू मिळवला होता; त्याच जिवाणूत आताच्या संशोधकांनी नवं जनुक घातलं होतं. फेनिलअॅलॅनिन, म्हणजे प्रथिनांतला जो घटक पीकेयूत शरीराला नीट फोडता येत नाही, तो रक्तात शिरण्याआधी, आतड्यातच हा जिवाणू त्याला फोडायचा. सुरुवातीच्या चाचण्यांत रक्तातलं प्रमाण उतरलंही! पण तिसऱ्या टप्प्यात पुरेसा गुण येण्याची चिन्हं दिसेनात, म्हणून सिनलॉजिक कंपनीने २०२४ मध्ये चाचणी थांबवली. दुकानातलं साधं प्रोबायोटिक हे काम करत नाही, कुणी कितीही सांगो. मुलीचं पथ्य आणि रक्ततपासणी सोडू नका. सॅप्रोप्टेरिन हे काही रुग्णांत फेनिलअॅलॅनिन उतरवणारं औषध तिला लागू पडेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.