पुढचे लिंक रॉड : कोणते घ्यावेत, कसे बसवावेत?

प्रश्न : माझी सात आसनी एसयूव्ही ९० हजार किलोमीटर चालली आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर हळू जाताना पुढून डाव्या बाजूला ‘टक् टक्’ वाजते. गॅरेजवाल्याने दोन्ही लिंक रॉड बदलायला सांगितले. दुकानात तीन प्रकार दाखवले : कंपनीचे प्लॅस्टिकच्या दांड्याचे, बाहेरचे जाड लोखंडी आणि लांबी कमी-जास्त करता येणारे. कोणते घेऊ? चवथीपूर्वी काम उरकायचे आहे.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी आवाज लिंकचाच आहे ना, ते बघा. वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा म्हणजे स्टॅबिलायझर बार, आणि त्याचे टोक चाकाकडच्या भागाला जोडणारा छोटा दांडा म्हणजे लिंक. दोन्ही चाके एकदम वर-खाली झाली तर बार पिळला जात नाही, लिंकवर ताणही फारसा येत नाही. तेव्हा एकाच गतिरोधकावरून एकदा सरळ आणि एकदा तिरके जा. सरळ जाताना गप्प आणि तिरके जाताना टकटक असेल, तर लिंक किंवा बारचे बुश (बार धरणारे रबर), दोहोंपैकी एक. जागेवर स्टिअरिंग फिरवतानाच वाजत असेल, तर शॉकअपचे माउंट किंवा लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट तपासा. गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना लिंक हाताने हलवून पाहा. सांध्यावर बोट ठेवले की ढिलाई लगेच कळते.

आता निवड. दांड्याच्या जाडीवर भुलू नका. लिंक मोडतो क्वचित, झिजतो तो त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळीचा सांधा. त्यावरचा रबरी बूट फाटला की पाणी आत जाते, ग्रीस धुपते, गोळी गंजते आणि तो गंज आतली प्लॅस्टिकची वाटी खातो. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाकीचे आठ महिने खारा वारा, म्हणजे खरा प्रश्न बुटाचा आहे. बूट दोन्ही कडांना घट्ट बसलेला हवा, चिमटीत दाबल्यावर भेगा दिसता कामा नयेत. स्टड (गोळीतून बाहेर आलेला आट्यांचा बोल्ट) सगळीकडे सारखाच जड फिरला पाहिजे. मध्येच सैल लागला तर तो नग परत करा.

तुमची गाडी मूळ उंचीवर असेल तर कंपनीचाच घ्या. प्लॅस्टिकचा दांडा दिसायला फुसका वाटतो, पण त्याला मुख्यतः ओढ आणि दाब सोसायचा असतो, आणि तो गंजत नाही. ग्रीस निप्पलवाला (ग्रीस भरायचे तोंड असलेला) लोखंडीही चांगला, मात्र वेळच्या वेळी ग्रीस भरणार असाल तरच. बूट किंचित फुगला की थांबा, नाहीतर तो कडेने सुटतो. लांबी बदलणारे लिंक उंची वाढवलेल्या गाड्यांसाठी. मूळ उंचीच्या गाडीला त्यांचा उपयोग नाही आणि आटे व चेकनट (लांबी पक्की धरणारे नट) गंजून जाम होतात ते वेगळेच.

दुकानात चासी नंबर आणि जुना लिंक दोन्ही न्या. गोळीच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी, स्टडचा व्यास, आट्याचा पिच (दोन आट्यांतले अंतर) आणि दोन्ही स्टड एकाच दिशेला आहेत की उलट, हे जुळवा. काही गाड्यांत डावा-उजवा वेगळा असतो. बदलायचे ते दोन्ही बाजूंचे एकदम.

प्रश्न : हे काम घरी करता येईल का? नंतर अलाइनमेंट लागते का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : येईल. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारे तेल मारा. पुढची दोन्ही चाके उचलून गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. एकच चाक उचलले तर बार पिळलेला राहतो, स्टड भोकात अडकतो आणि लोक हातोडा हाणत बसतात.

नट सोडताना स्टडही गोल फिरतो, म्हणून त्याच्या टोकाच्या खाचेत ॲलन की घालून धरा आणि नट रिंग पान्याने सोडा. खाच आधी तारेच्या ब्रशने साफ करा. चिखल भरलेला असला तर ॲलन की घसरते आणि खाच गोल होते. तसे झालेच तर नट हॅकसॉने कापा. ग्राइंडर वापरायचा असेल तर ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ओल्या फडक्याने झाका.

नवा नट हातानेच सुरू करा. इम्पॅक्ट गन लावली तर स्टड गरगर फिरून नव्या लिंकचा बूट पिळला जातो, आणि दोन महिन्यांत तोच आवाज परत. नायलॉनचा नट जुना वापरू नका. टॉर्क (नट किती जोराने आवळायचा ते माप) गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतलाच. लांब बोल्ट आणि रबरी बुशांचा लिंक असेल, तर शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उतरवून करा. बुश चेपून सपाट होईपर्यंत आवळू नका.

नुसते लिंक बदलल्याने टो-कॅम्बर (चाकांचे कोन) बदलत नाही, त्यामुळे अलाइनमेंटचे पैसे देण्याची गरज नाही. टाय रॉड (चाक वळवणारा स्टिअरिंगचा दांडा) किंवा लोअर आर्म सोडला असेल तरच ते करा.

प्रश्न : माझा पिकअप २ इंच उंच केला आहे. लांब लिंक लागतील?
— एक वाचक, दिवाडी

उत्तर : सपाट जागी स्टॅबिलायझर बारचे हात (लिंक जोडलेली टोके) बघा. उंची वाढवण्याआधीच्या मानाने ते खाली झुकले असतील तर लांब लिंक हवेत. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लिंक टाय रॉडला किंवा एक्सलच्या बुटाला घासत नाही ना, ते तपासा. दोन्ही लिंक सपाट जागीच जुळवा. एक ओढून-ताणून बसवला तर बार कायम पिळलेला राहतो. उघड्या रोझ जॉइंटचे (बूट नसलेल्या गोळीच्या सांध्याचे) लिंक मात्र टाळा, चिखलात ते फार लवकर खडखडतात. तुमची गाडी फेरीबोटीच्या रॅम्पवरून खाऱ्या पाण्यात भिजत असेल, तर आठवड्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने धुवा आणि त्याच वेळी बूट बघून घ्या.