लायब्ररीने त्रुटी नोंदवावी, संदेश प्रोग्रामने द्यावा

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीसाठी भट्टीचे तापमान वाचणारी लायब्ररी सी भाषेत लिहीत आहे. सिरीयल पोर्ट उघडले नाही किंवा वाचन अर्धवट आले, की ती पडद्यावर इंग्रजी संदेश छापून प्रोग्राम बंद करते. हीच लायब्ररी आता आणखी दोन प्रोग्राममध्ये वापरायची आहे आणि पाळीवरील कामगारांपैकी काही मराठी वाचतात, तर काही कन्नड. त्रुटी नोंदवण्याची व कळवण्याची योग्य पद्धत कोणती?

उत्तर : लायब्ररीतील प्रोग्राम बंद करणारे ‘एक्झिट’ आधी काढून टाकावे. भट्टी तापलेली असताना नोंदी घेणारा प्रोग्राम थांबवायचा की पुन्हा प्रयत्न करायचा, हे ठरवण्याइतकी माहिती लायब्ररीजवळ नसते, ती प्रोग्राम लिहिणाऱ्याजवळ असते. छपाईचेही तसेच आहे. प्रोग्राम पार्श्वभूमीत चालत असेल, तर छापलेली ओळ कामगाराच्या दृष्टीस पडणारच नाही.

त्रुटीची नोंद मात्र ती घडताच केली पाहिजे. पोर्ट उघडणारे ‘ओपन’ अयशस्वी झाले की कारण ‘एर्नो’मध्ये, म्हणजे त्रुटीचा क्रमांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये येते, पण त्यानंतरचा कोणताही कॉल, अगदी लॉगमध्ये ओळ लिहिणारा ‘एफप्रिंटएफ’ किंवा आवराआवरीतला ‘क्लोज’सुद्धा, ते मूल्य बदलू शकतो. म्हणून लगेच पुढच्याच ओळीत ते स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यावे. यशस्वी कॉलनंतर एर्नो शून्य होईल, अशी अपेक्षाही ठेवू नये. प्रोग्राम सुरू होताना ते शून्य असते आणि त्यानंतर मानक लायब्ररीतील कोणतेही फंक्शन ते पुन्हा शून्य करत नाही, असे सी भाषेचे मानकच सांगते. तेव्हा आधी फंक्शनने परत केलेले मूल्य पाहावे आणि ते अपयश दाखवत असेल तरच एर्नो वाचावे.

आपण अर्धवट वाचनाला त्रुटी म्हटले आहे, ते मला मान्य नाही. ‘रीड’ने मागितल्यापेक्षा कमी बाइट दिले, तर ते त्याचे नेहमीचे वागणे आहे. त्या वेळी एर्नोमध्ये काही लिहिले जात नाही. उरलेल्या बाइटसाठी पुन्हा वाचायचे असते. उणे एक परत आले आणि एर्नोमध्ये ‘ईइंटर’ असेल, तर सिग्नलमुळे वाचन मध्येच थांबले आहे, एवढाच त्याचा अर्थ; तिथेही पुन्हा वाचावे. ‘ईनोएंट’ आणि ‘ईअ‍ॅक्सेस’ हे मात्र वेगवेगळे कळवले पाहिजेत. पहिल्यात पोर्टची फाइलच सापडत नाही, म्हणजे बहुधा केबल निघालेली असते किंवा नाव चुकलेले असते. दुसऱ्यात परवानगी नसते, आणि उबुंटूवर वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात नसणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे. दोन्हींसाठी ‘पोर्ट उघडले नाही’ एवढेच कळवले, तर देखभाल करणारा माणूस केबल तपासत बसेल.

ही नोंद कुठे ठेवावी, याबाबत चांगल्या लायब्रऱ्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत. डेटाबेससाठीची एसक्यूलाइट शेवटची त्रुटी प्रत्येक जोडणीच्या हँडलमध्ये, म्हणजे त्या जोडणीची माहिती धरणाऱ्या रचनेत ठेवते, तर सुरक्षित संपर्कासाठीची ओपनएसएसएल प्रत्येक थ्रेडसाठी (प्रोग्राममधील समांतर धाग्यासाठी) त्रुटींची रांग ठेवते, आणि ती वेळेवर रिकामी केली नाही तर जुनी त्रुटी नव्या कॉलच्या माथी मारली जाते. आपल्या कामाला हँडलच योग्य आहे. त्यात आपला कोड, एर्नोचे मूल्य, पोर्टचे नाव आणि फाइल व ओळ क्रमांक ठराविक आकाराच्या जागेत ठेवावेत. म्हणजे मेमरी संपल्याची त्रुटी नोंदवण्यासाठी पुन्हा मेमरी मागणाऱ्या ‘मॅलॉक’कडे जावे लागणार नाही.

भाषेचा प्रश्न आपल्या सीमाभागात तर टाळताच येणार नाही, आणि तो लायब्ररीच्या बाहेर सोडवावा असे माझे ठाम मत आहे. लायब्ररीने कोड व तपशील द्यावेत. वाक्य प्रोग्रामने ‘गेटटेक्स्ट’सारख्या संदेशांची भाषांतरे पुरवणाऱ्या सोयीने मराठीत किंवा कन्नडमध्ये पूर्ण रचावे. इंग्रजी वाक्याचे तुकडे जोडून संदेश बनवण्याची सवय येथे चालत नाही, कारण मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते. शिवाय यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी व कन्नड लिपींतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि मात्रा व हलन्त यांचे बाइट वेगळे मोजले जातात. २५६ बाइटच्या बफरमध्ये (मजकुरासाठी राखलेल्या जागेत) शेवटच्या शून्य बाइटची जागा सोडून अशी जेमतेम ८५ चिन्हे मावतात. बफरमध्ये मजकूर लिहिणारे ‘एसएनप्रिंटएफ’ बाइट मोजून कापते, त्यामुळे शेवटचे अक्षर मधूनच तुटू शकते. किती बाइट लागले असते ते हे फंक्शन परत करते. तो आकडा बफरच्या आकाराएवढा किंवा त्याहून मोठा आला, तर संदेश कापला गेला असे समजून मोठा बफर घ्यावा.

प्रश्न : मी निपाणीची विद्यार्थिनी आहे. एर्नोच्या क्रमांकाचा संदेश देणाऱ्या ‘स्ट्रएरर_आर’ला दिलेला बफर रिकामाच राहतो, असे का होते?

उत्तर : या नावाची दोन फंक्शने आहेत. पोझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकातले फंक्शन बफर भरते आणि पूर्णांक परत करते. ग्नू प्रकल्पाचे फंक्शन संदेशाचा पॉइंटर परत करते आणि बफरला हात न लावताही काम उरकू शकते. ‘_ग्नू_सोर्स’ हा मॅक्रो परिभाषित असेल, तर ग्लिबसी या ग्नूच्या सी लायब्ररीत दुसरे फंक्शन मिळते. लिनक्सवर जी++ हा सी++ चा कंपायलर तो मॅक्रो आपणहून लावतो, म्हणून आपली फाइल कोणत्या कंपायलरने बांधली जाते ते आधी पाहावे. ग्नूचेच फंक्शन वापरायचे असेल, तर बफर न छापता परत आलेला पॉइंटर छापावा.