आयसीयूतले आकडे की हिंजवडीची नोकरी?

प्रश्न : मॅडम, मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय, नेट-जेआरएफही (संशोधनाची फेलोशिप देणारी परीक्षा) झालीय. पीएचडीला जागा मिळतेय. विषय आहे, आयसीयूतल्या नोंदींवरून सेप्सिसचा (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याचा) धोका आधी ओळखणारं मॉडेल. दुसरीकडे हिंजवडीच्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे. बाबा म्हणतात, पाच वर्षं दवाखान्यातले कागद चाळून काय मिळणार? – स. पा., कराड

उत्तर : आधी पैशांचं उरकू. जानेवारी 2023 पासून जेआरएफ महिन्याला 37 हजार आहे, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरच्या टप्प्याची फेलोशिप, 42 हजार. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. सुरुवातीला हिंजवडी याहून फार जास्त देईलच असं नाही. खरा फरक चौथ्या-पाचव्या वर्षी पडतो, आणि तो बराच पडतो. शिवाय फेलोशिप पगारासारखी एक तारखेला जमा होईल असं धरून चालू नकोस. घरच्या कर्जाचा हप्ता तुझ्यावर असेल तर सरळ नोकरी घे, त्यात कमीपणा कसला?

तसं नसेल तर मला वेगळंच विचारायचंय. तू विषय लिहिलास, संस्थेबद्दल लिहिलंस, पण गाइडबरोबर काम करणारा डॉक्टर कोण, हे पत्रात कुठेच नाही.

हे का विचारते ते सांगते. अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांची जोखीम ठरवणारं एक मॉडेल तयार केलं होतं. त्याने शोध लावला की दमा असलेल्यांना मृत्यूचा धोका कमी! आकडे खोटे नव्हते. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट आयसीयूत घेत, म्हणून तो वाचे. रिच कारुआना आणि सहकाऱ्यांनी 2015 साली हे सविस्तर मांडलं. वॉर्डात काय चालतं हे माहीत असणाऱ्यालाच यातली गोम कळते.

सेप्सिसमध्ये तर हे पावलोपावली आहे. ब्लड कल्चर पाठवलं, लॅक्टेट मागवलं (दोन्ही रक्ताच्या तपासण्या), म्हणजे डॉक्टरला शंका आधीच आलेली असते. मॉडेल ती शंका शिकतं आणि आपण ‘लवकर ओळखलं’ म्हणून पेपर छापतो. अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत वापरात असलेली सेप्सिसची एक इशारा-प्रणाली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासली. 2021 साली निष्कर्ष आला : तिने सेप्सिसचे 67 टक्के रुग्ण सोडले होते, आणि तरी दाखल झालेल्यांपैकी 18 टक्के लोकांबद्दल घंटा वाजवली होती.

आणि आपल्याकडचा कागद? पानभर रुग्णांच्या श्वासाचा वेग एकसारखा 20 लिहिलेला मी पाहिलाय. कुणी मोजलाच नव्हता. वॉर्ड भरून वाहतोय आणि सिस्टर दोन, तर मोजणार कोण? सेप्सिसच्या झटपट तपासणीत मिनिटाला 22 किंवा जास्त श्वास हा आकडा निर्णायक, आणि आपल्या तक्त्यात सगळ्यांचे 20च! गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी निरक्षर दायांनाही बाळाचा श्वास मोजता यावा म्हणून मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधं यंत्र केलं. माझ्या मते आरोग्यातलं डेटाचं काम असं मोजण्यापासून सुरू होतं. मॉडेल त्यानंतर.

तेव्हा प्रवेश घेण्याआधी गाइडना दोन गोष्टी विचार. डेटा हातात आहे की परवानगी अजून मागायचीय? संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत महिने जातात, आणि ते तुझ्या फेलोशिपमधून जातात. दुसरं, मला आयसीयूत राउंडला उभं राहता येईल का? यावर ‘त्याची काय गरज?’ असं उत्तर आलं, तर हिंजवडीची बस पकड.

तोवर बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकॉनेस रुग्णालयातल्या नोंदींचा ‘मिमिक’ हा संच उघडून बघ. पैसे पडत नाहीत, पण माणसांवरील संशोधनाचा एक ऑनलाइन कोर्स करून करारावर सही करावी लागते. त्यातल्या गाळलेल्या जागा बघून कंटाळा आला की कुतूहल वाटलं, हे मला कळव.

बाबांना सांग, पुढे क्लिनिकल ट्रायल करणाऱ्या कंपन्या आहेत, औषध कंपन्या आहेत, मोठी रुग्णालयं आहेत, अध्यापन आहे. बायोस्टॅटिस्टिशियन, म्हणजे आरोग्यातला संख्याशास्त्रज्ञ, उपाशी राहिलेला मी तरी बघितला नाही.

प्रश्न : मी एमबीबीएस, ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. कोडिंगचा गंध नाही. या क्षेत्रात पीएचडी जमेल का? – डॉ. वि. शि., जि. बीड

उत्तर : डॉक्टरसाहेब, वरच्या मुलीला जे मिळवायला वर्षं लागतील ते तुमच्याकडे आयतं आहे. आकडेमोडीसाठीची ‘आर’ ही संगणकभाषा रोज तासभर बसलात तर काही महिन्यांत कामापुरती येते. पीएचडीची घाई करू नका. आधी एपिडेमिऑलॉजीचा (रोग कुणात, कसे पसरतात याच्या अभ्यासाचा) एखादा चांगला कोर्स करा. मग रीतसर परवानगी घेऊन तुमच्याच प्रसूती विभागाचं एका वर्षाचं रजिस्टर, नावं वगळून, संगणकावर चढवा. वयाच्या रकान्यात 20, 25 आणि 30 यांचीच गर्दी दिसली, म्हणजे वय विचारण्याऐवजी अंदाजे लिहिलेलं दिसलं, तर तिथूनच सुरुवात करा.