लीजची गाडी, मालकीची गाडी: हप्त्यासमोर भाडं ठेवू नका

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही चिपळूणला राहता. यजमानांची गाडी कर्जावर, तुमची कंपनीच्या लीजवर. ते हप्ता भरतात, तुम्ही भाडं भरता, पेट्रोल निम्मं-निम्मं, आणि तरी तुम्हाला वाटतं की हिशोबात काहीतरी खटकतंय. खटकतंय ते बरोबरच आहे.

आपल्याकडे आंब्याची बाग कराराने घेतात तसं लीजचं असतं. हंगामाचे पैसे मोजायचे, फळ उतरवायचं, कलमं मालकाचीच. पाच वर्षांनी यजमानांकडे विकता येईल अशी गाडी असेल, तुम्ही मात्र किल्ली परत केलेली असेल. म्हणून हप्ता आणि भाडं एकमेकांसमोर ठेवूच नका.

समजा त्यांची गाडी ऑन-रोड 10 लाखांना पडली. 2 लाख रोख, 8 लाख कर्ज, 9 टक्के व्याज, 5 वर्षं. हप्ता साधारण 16,600. रोख आणि हप्ते मिळून जवळजवळ 11 लाख 96 हजार जातात. पुढे गाडी 5 लाखांना विकली गेली, तर खरोखर संपले 6 लाख 96 हजार, म्हणजे महिना 11,600. तुमच्या भाड्याशी तुलना करायची ती या आकड्याची. भाड्यात विमा आणि सर्व्हिसिंग धरलेलं असेल, तर त्यांच्या बाजूलाही ते मिळवा. आणि भाडं कर कापायच्या आधी पगारातून वळतं होत असेल, तर तुमच्या बाजूला भाड्याचा आकडा न लिहिता हातात येणारा पगार कितीने घटला तो लिहा.

आता दोन्ही गाड्यांचा हा खरा खर्च आणि पेट्रोल, टायर, टोल एकत्र करा आणि दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटा. निम्मं-निम्मं तेव्हाच, जेव्हा कमाई सारखी असते. हप्त्यातला उरलेला भाग ही यजमानांची स्वतःची पुंजी, ती त्यांनीच भरावी. तुम्ही त्यातही भर घालत असाल तर गाडी विकताना तुमचा वाटा किती, हे आजच वहीत लिहून ठेवा. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव एकाचंच असतं, त्यामुळे कागद तुमच्या बाजूने बोलणार नाही.

विम्याकडे मात्र नीट लक्ष द्या, तिथे लोक फसतात. नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर विम्याचा दावा केला नाही तर हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. यजमानांची गाडी उद्या तुमच्या नावावर केलीत तरी त्यांचा बोनस तुम्हाला मिळणार नाही. 15 लाखांचं मालक-चालक अपघात संरक्षणही आरसीवर ज्याचं नाव त्यालाच. त्यांची गाडी तुम्ही चालवत असाल तर तुम्हाला ते लागू नाही. लीजची गाडी कंपनीच्या नावावर असेल तर तिथेही नाही. तुमची वेगळी अपघात पॉलिसी असू द्या आणि तिचा हप्ता गाडीखर्चातच धरा.

चिपळूणकरांना 22 जुलै 2021 चा महापूर सांगायला नको. साध्या पॉलिसीत इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान बहुधा मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. लीजच्या गाडीचा विमा दुसराच कोणी काढतो, म्हणून पॉलिसीची प्रत मागून त्यात ते आहे का ते स्वतः वाचा.

गाडी परत करताना तपासणी होते. खाऱ्या हवेने दाराच्या खालच्या कडेला धरलेला गंज, पाणंदीत जांभ्याच्या गडग्याला घासलेला पत्रा, ठरल्यापेक्षा जास्त झालेले किलोमीटर, या सगळ्याचे पैसे लागू शकतात. गणपतीत आणि शिमग्याला अख्खं घर त्याच गाडीने फिरत असेल, तर हे बिल तुमच्या एकटीच्या माथी येता कामा नये. आतापासून दोघांनी दर महिन्याला थोडे पैसे त्यासाठी बाजूला टाका.

एक राहिलं. मधेच नोकरी सोडली तर लीज मोडायचे पैसे बहुतेक करारांत कर्मचाऱ्याकडून घेतात. तुमची बदली किंवा बाळंतपण डोळ्यांसमोर असेल, तर हा आकडा एचआरकडून लेखी मागवा आणि यजमानांना दाखवा.