नॉर्वेजियनमधले लांबलचक जोडशब्द वाचताना कुठे तोडायचे आणि जोर कुठे द्यायचा?

मेनेस्केरेट्टिहेट्सओर्गानिसाशूनेने (मानवी हक्क संघटना) वाचताना श्वास कुठे घ्यायचा, असं तुम्ही विचारलंय. मी ओस्लोत राहतो, तेव्हा इथल्या उच्चारावरून सांगतो.

अक्षरं मोजू नका, आधी आतले शब्द शोधा: मेनेस्के (माणूस), रेट्टिहेट (हक्क), ओर्गानिसाशून (संघटना). मधला 'स' नुसता सांधा आहे, तोडताना तो आधीच्या शब्दाबरोबर जातो. शेवटचं 'एने' म्हणजे अनेकवचनाचा प्रत्यय.

मुख्य आघात, म्हणजे जोर, पहिल्या शब्दावर. पण लोक त्याचं 'पहिल्या अक्षरावर' करून टाकतात आणि तिथेच फसतात. स्ताशून म्हणजे स्टेशन, आघात 'शू'वर. स्ताशून्समेस्तरमध्ये, म्हणजे स्टेशनमास्तरमध्ये, तो शब्द पहिला आहे, म्हणून मुख्य आघात 'शू'वरच राहतो. यॅणबानेस्ताशून, म्हणजे रेल्वे स्टेशन, म्हणताना मात्र मान 'यॅण'ला. 'शू' दुय्यम होतो, पण पुसला जात नाही. (हो, हा ण थेट आपलाच! ओस्लोकडे आर आणि एन जवळ आले की ण होतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन शहरातले लोक र घशातून काढतात, तिकडे तो नाही ऐकू येणार.)

आता कानाचा भाग. आवाज कुठे चढतो ते शोधाल तर हमखास चुकाल. ओस्लोत सूर आघाताच्या अक्षराशी खाली येतो आणि पुढे शेवटाकडे चढत जातो, त्यामुळे आपल्याला उगाच शेवटावर जोर आहे असं वाटतं. त्यापेक्षा लांबी ऐका. आघाताच्या अक्षरात एक तर स्वर लांबतो, नाही तर पुढचं व्यंजन: ताऽक म्हणजे छप्पर, ताक्क म्हणजे धन्यवाद.

आणि मध्ये थांबू नका. लाम्मेलोर एका दमात, एकाच मुख्य आघातात म्हटलं तर कोकराची तंगडी. 'लाम्मे लोर' असं दोन आघातांत तोडलंत तर लुळ्या मांड्या. मेन्यूकार्डावर असे शब्द तोडून छापले की इथले भाषाप्रेमी भयंकर चिडतात.

लिहिताना ओळ संपली तर शब्दांच्या सांध्यावरच तोडा. त्यात एक गंमत आहे: बुस्स आणि शोफर जोडून बसचालक लिहिताना तीन एस एकत्र येतात, त्यातला एक गाळतात. पण तोच शब्द ओळीच्या शेवटी तुटला, की गाळलेला एस परत लिहावा लागतो.