केळीबागेच्या नोंदींसाठी 10,500 रुपये भरावे का? रावेरच्या भाऊंना उत्तर

रामराम भाऊ,

तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. रावेर तालुक्यात तुमची 8 एकर केळी, 2016 पासूनच्या सगळ्या नोंदी मोबाईलमधल्या एका नोट्स अ‍ॅपमध्ये, आजच्या तारखेला 3,400 नोट्स आणि 900 च्या आसपास फोटो. अ‍ॅप आधी फुकट होतं, मग वर्षाला 1,499 झालं, आता 4,999 झालंय आणि पुढच्या महिन्याच्या 12 तारखेला पैसे आपोआप कटणार आहेत. कंपनीचा मेल आलाय की तीन वर्षांचे एकदम भरा, 30 टक्के सूट, म्हणजे 10,500 रुपये. पुतण्या म्हणतो जॉपलिन नावाचं ओपन सोर्स अ‍ॅप आहे, सबस्क्रिप्शनच नाही, तिकडे चला. वहिनी म्हणतात रजिस्टर काय वाईट आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, तुम्ही लिहिलंय की कृषी केंद्राची 60,000 उधारी अंगावर आहे, महिना 2 टक्क्याने.

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो.

महिना 2 टक्के म्हणजे वर्षाला 24 टक्के, आणि ते सुद्धा चक्रवाढ न धरता. तुमच्या हातात आज 10,500 मोकळे असतील आणि ते उधारीत भरले तर दर महिन्याला 210 रुपये व्याज वाचतं, वर्षाचे 2,520. एवढा परतावा कुठल्याच एफडीत मिळत नाही आणि म्युच्युअल फंडात तर एवढ्याची खात्री कोणी देऊच शकत नाही, इथे मात्र तो हमखास आहे कारण व्याज तुमच्याच खिशातून जातंय. म्हणून कुठलाही खर्च, 500 चा असो की 10,500 चा, सध्या या उधारीच्या शेजारी ठेवून बघायचा.

सुटीचं गणितही करून बघितलं. दर वर्षी 4,999 भरले तर तीन वर्षांचे 14,997 होतात, एकदम भरले तर 10,500, म्हणजे दिसायला 4,500 ची बचत. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे पैसे आजच दिल्यामुळे तेवढी उधारी तशीच राहते, तिचं व्याज वजा केलं की खरी बचत 1,800 च्या आसपास उरते. म्हणजे तीन वर्षं हेच अ‍ॅप नक्की वापरणार असाल तर सूट खोटी नाही, थोडा फायदा आहे. पण त्या 1,800 साठी तुम्ही कंपनीला शब्द देताय की तीन वर्षं मी कुठे जात नाही, आणि कंपनी तुम्हाला असा कुठलाच शब्द देत नाहीये, ना फीचर्सचा, ना तीन वर्षांनंतरच्या भावाचा. 1,499 चे 4,999 तिने तुम्हाला विचारून केले नव्हते.

अजून एक, काही जण म्हणतील खर्च टॅक्समध्ये दाखवा. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, मग वजावट कशातून घेणार? आणि तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन नाही, त्यामुळे बिलातला 18 टक्के जीएसटी सुद्धा परत मिळत नाही. जे भराल ते पूर्ण तुमच्या खिशातून.

आता पैशापेक्षा मोठी गोष्ट. तुम्ही नमुना म्हणून एक नोट पाठवली ती माझ्यासमोर उघडी आहे. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी), कप्पा 3, 14 जूनची लागवड, 27 नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरल्या, त्याखाली ठिबकमधून दिलेल्या डोसच्या तारखा, मग खालून तिसऱ्या पानावरच्या करपा रोगाचा फोटो, आणि सगळ्यात खाली व्यापाऱ्याने फोनवर सांगितलेला नवतीचा (पहिल्या पिकाच्या केळीचा) भाव, त्या दिवशीचा बऱ्हाणपूर बाजाराचा भाव, आणि काट्यावर प्रत्यक्षात हातात पडलेला भाव. तीनही आकडे वेगळे! भाऊ, ही एक नोट बघून मला वाटलं की हे अ‍ॅप नाहीये, ही तुमची भांडवली मालमत्ता आहे, विहिरीसारखी, ठिबकच्या पाइपसारखी. कुठला व्यापारी कधी किती तोडतो, कांदेबागेला (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीला) कुठला डोस लागू पडला, कुठल्या कप्प्यात दरवर्षी निसवण (घड बाहेर पडणं) उशिरा होते, हे नऊ-दहा वर्षांचं ज्ञान पैसे देऊन विकत मिळत नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न अ‍ॅप महाग आहे की स्वस्त हा नाहीच, तुमची मालमत्ता तुम्हाला हवी तेव्हा बाहेर काढता येते का, हा आहे.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून बोलतोय. काही वर्षांपूर्वी मी पण क्लायंटच्या मीटिंगच्या नोंदी अशाच एका पैसेवाल्या अ‍ॅपमध्ये ठेवायचो. माझं कार्ड एक्स्पायर झालं, रिन्यूअल अडकलं, खातं फुकटच्या प्लॅनवर घसरलं आणि पाचोऱ्याहून आलेलं एक जोडपं मुलीच्या शिक्षणाच्या पैशाचं विचारायला समोर बसलेलं असताना मला आधीच्या नोंदी मोबाईलवर उघडेनात. त्यांनी समजून घेतलं, पण मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण माहिती त्यांची होती, विश्वास त्यांनी माझ्यावर टाकला होता आणि किल्ली तिसऱ्याच्याच हातात होती.

आणि हे एकट्यादुकट्याचं होतं असंही नाही. एव्हरनोटचंच घ्या, एके काळी नोट्स म्हटलं की तेच नाव यायचं. 2022 च्या शेवटी इटलीच्या बेंडिंग स्पून्स कंपनीने ते घ्यायचं ठरवलं आणि डिसेंबर 2023 पासून फुकट खात्याला 50 नोट्स आणि एकच नोटबुक अशी मर्यादा आली. त्यात बेकायदेशीर काही नाही, धंदा त्यांचा आहे. पण ज्याच्या नोट्स हजारात होत्या त्याला एक तर पैसे भरा नाहीतर सामान उचला, एवढंच उरलं.

आता पुतण्याच्या म्हणण्याकडे येतो. पोरगं बरोबर बोलतंय, फक्त अर्धं बोलतंय.

ओपन सोर्स म्हणजे अ‍ॅपचा कोड सगळ्यांसाठी खुला, उद्या मूळ माणसांनी काम थांबवलं तरी दुसरे कोणी तोच कोड घेऊन पुढे चालवू शकतात. सिंकथिंग नावाचं फाइल सिंक करायचं, म्हणजे फोन आणि कॉम्प्युटरवर त्याच फाइली सारख्या ठेवायचं, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्याचं अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप 2024 च्या डिसेंबरमध्ये बंद झालं, पण त्याच कोडवरून दुसऱ्यांनी चालवलेलं अ‍ॅप लोक वापरत राहिले. म्हणजे बंद पडणारच नाही अशी हमी ओपन सोर्समध्ये पण नाही, पण बंद पडलं तरी रस्ता राहतो.

जॉपलिन मी स्वतः वापरतो. विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, आयफोन सगळ्यावर चालतं, नोटा तुमच्याच मोबाईलमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये राहतात, त्यामुळे शेतात रेंज नसली तरी उघडतात आणि लिहिता पण येतात. तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. वादळात बाग आडवी झाली की फळपीक विम्यासाठी 72 तासांत कळवायचं असतं, तेव्हा कप्प्याची लागवडीची तारीख आणि आधीचे फोटो बांधावर उभं राहून सापडले पाहिजेत, रेंज शोधत फिरायची ती वेळ नसते. शिवाय लिहिलेलं सगळं मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात बाहेर काढता येतं, अगदी नोटपॅडमध्ये सुद्धा उघडेल.

पुतण्याने न सांगितलेलं अर्धं असं की अ‍ॅप फुकट असलं तरी फोन आणि कॉम्प्युटर यांच्यात सिंक करायला जागा लागते, ती तुम्ही द्यायची. जॉपलिनचं स्वतःचं क्लाउड आहे, पण ते पैशाने आहे आणि भाव युरोत, ते नको. गुगल ड्राइव्हला ते थेट जोडलं जात नाही, हे आधीच सांगतो नाहीतर अर्धा दिवस त्यातच जाईल. ड्रॉपबॉक्स चालतं पण फुकटात 2 जीबीच मिळतं आणि तुमचे 900 फोटो सरासरी 3 एमबीचे धरले तरी 2.7 जीबी होतात, म्हणजे पहिल्याच दिवशी भरून जाईल. वनड्राइव्हचं फुकट खातं 5 जीबीचं आहे, त्यात तुमचं सगळं बसतं आणि पुढची काही वर्षं जागा राहते, फोटो जरा लहान करून टाकत गेलात तर अजून जास्त. म्हणून जॉपलिन अधिक वनड्राइव्ह, हे माझं तुमच्यासाठीचं उत्तर. मोबाईलवर फोटो आपोआप न उतरता मागितल्यावरच उतरावेत अशी सेटिंग आहे, ती लावा, फोन भरणार नाही.

ऑब्सिडियनचं पण नाव लोक घेतात. अ‍ॅप चांगलं आहे, फाइली साध्या मजकुरातच राहतात, फेब्रुवारी 2025 पासून धंद्यासाठी वापरायला पण फुकट केलंय. पण ते ओपन सोर्स नाही आणि त्यांची स्वतःची सिंकची सोय पैशाने आहे. कॉम्प्युटरवर बसून लिहिणाऱ्याला ते आवडेल, तुम्ही बांधावर उभं राहून एका हाताने टाइप करणारे. गुगल कीपबद्दल एवढंच म्हणतो की किराणाच्या यादीला उत्तम, दहा वर्षांच्या बागेच्या इतिहासाला नाही.

आता खर्चाची दुसरी बाजू, वेळ. एव्हरनोटच्या फाइली जॉपलिन थेट घेतं, मार्कडाउन आणि एचटीएमएल पण घेतं, तुमचं अ‍ॅप यातलं काय बाहेर देतं ते पुतण्याला आजच बघायला सांगा. आणि काहीच देत नसेल तर मला लगेच कळवा, कारण मग हे घर आपण अजून उशीर न करता सोडायला हवं. सगळं नीट झालं तरी दोन-तीन संध्याकाळी जातील, काही नोटांची मांडणी बिघडेल, एखादी टेबल वेडीवाकडी येईल. हे धरून चला. तुमचा वेळ फुकट नाही हे मला कळतं, पण कापणीच्या धांदलीत नाही, आत्ता हाताशी पुतण्या असताना हे करून घेतलेलं बरं.

एक चूक मात्र हात जोडून सांगतो, करू नका. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. मोबाईलवर चुकून नोटबुक डिलीट झालं तर सिंक ते इमानदारीने कॉम्प्युटरवरूनही काढून टाकतं. म्हणून महिन्यातून एकदा कॉम्प्युटरवरच्या जॉपलिनमधून सगळं एक्सपोर्ट करायचं, एकदा जेईएक्स फाइल (जॉपलिनची स्वतःची) आणि एकदा मार्कडाउन, आणि पेनड्राइव्हवर टाकायचं. चांगल्यातला पेनड्राइव्ह घ्या, या सगळ्या प्रकरणात खिशातून जाणारा खर्च तेवढाच. सिंकमधून वनड्राइव्हवर जाणाऱ्या नोटांना कुलूप लावायची, म्हणजे एन्क्रिप्शनची सोय आहे, ती जरूर चालू करा, पण तो पासवर्ड हरवला तर बँकेसारखं परत देणारं तिथे कोणी नाही, तो वहिनींच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. मजुरांच्या आधारचे फोटो आणि एटीएमचा पिन मात्र कुठल्याच अ‍ॅपमध्ये नको.

वहिनींचं रजिस्टर बंद करू नका. मजुरांच्या उचलीचा आणि उधारीचा हिशोब समोरासमोर सही घेऊन कागदावरच चांगला, तिथे मी वहिनींच्या बाजूने आहे.

ऑटो-डेबिटचं असं करा. अ‍ॅप मोबाईलमधून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं होत नाही, खूप जण इथेच फसतात. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन कॅन्सल करायचं, यूपीआय ऑटोपे लावलं असेल तर यूपीआय अ‍ॅपमध्ये ते मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, दिसेल, तिथून रद्द करायचं. पैसे कटायच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण सूचनेची वाट बघत बसू नका, 8 तारखेच्या आत उरकून टाका. कॅन्सल केल्यावरही भरलेली मुदत संपेपर्यंत जुनं अ‍ॅप साधारणपणे चालूच राहतं, त्यामुळे दोन्हीकडे शेजारी शेजारी बघायला थोडे दिवस मिळतील. पण क्रम चुकवू नका, आधी एक्सपोर्ट, मग जॉपलिनमध्ये आणून 20-25 नोटा हाताने ताडून बघायच्या, फोटोवाल्या नक्की, आणि मगच कॅन्सल. एक्सपोर्ट 8 तारखेपर्यंत झालंच नाही तर एक वर्षाचे 4,999 भरा, वाईट वाटून घेऊ नका, दहा वर्षांच्या नोंदींपुढे ती रक्कम छोटी आहे. तीन वर्षांचे मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही.

जमलं तर वाचलेले 10,500 त्याच आठवड्यात कृषी केंद्रात भरा आणि पावती घ्या. उधारी पूर्ण फिटली की मग वर्षाला 500 रुपये जॉपलिनवाल्यांना देणगी म्हणून पाठवा, सक्ती नाही, पण तिथे पण कोणीतरी राबतंच आहे.

सुरुवात त्या कप्पा 3 च्या नोटेपासून करा. करप्याचा फोटो आणि खालचे तीनही भाव जसेच्या तसे आले की मला स्क्रीनशॉट टाका, मग बाकीचं पुढे नेऊ.